लोणारचा दगड आणि युजीन शूमेकर

वाटूरहून मंठ्यामार्गे लोणार फार दूर नाही. सहलीच्या निमित्ताने विद्यार्थ्यांसह त्या विवराच्या काठावर आम्ही अनेकदा उभे राहिलो आहोत. दर वेळी कोणीतरी विचारतेच, "सर, आकाशातून पडलेला तो दगड कुठे आहे?" आमचा विषय इतिहास. उत्तर शोधता शोधता आमचा परिचय युजीन शूमेकर या ग्रहशास्त्रज्ञाशी झाला.

शूमेकर यांचा जन्म १९२८ मध्ये लॉस एंजेलिस येथे झाला. ॲरिझोनातील एका प्रचंड विवराचा उगम तेव्हा वादाचा होता. गिल्बर्ट या ज्येष्ठ भूवैज्ञानिकांनी ते वाफेच्या स्फोटाने पडल्याचे म्हटले होते आणि त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. शूमेकर यांनी तो तपासून पाहिला. नेवाडात अणुचाचण्यांनी पडलेल्या खड्ड्यांच्या काठावर खडकांचे थर उलटलेले होते. खालचा वर, वरचा खाली. ॲरिझोनातही तेच दिसले. पुढे १९६० मध्ये सहकाऱ्यांसह त्यांना तेथे कोएसाइट आढळले. गारगोटीचे हे रूप अतिप्रचंड दाबाखालीच तयार होते. पृष्ठभागावरील ज्वालामुखीच्या स्फोटात तेवढा दाब नसतो.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारा पाषाण आदळताक्षणीच बहुतांशी वितळतो, त्याची वाफ होते. उरतो तो खड्डा.

लोणारची अडचण निराळी होती. आपला काळा बेसाल्ट. त्यात गारगोटीचे खनिज जवळजवळ नाहीच, मग कोएसाइट कोठून मिळणार? सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बराच काळ ज्वालामुखीचे समजले गेले. अखेर फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पुरावा मांडला: बेसाल्टमधील फेल्डस्पार आघाताने काचरूप झाले होते. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. लवणासुराची कथा आम्हीही मुलांना सांगतो, परंतु कथा म्हणूनच.

स्वतः चंद्रावर जाण्याची शूमेकर यांची फार इच्छा होती. ॲडिसनच्या विकाराने ती वाट बंद झाली, तेव्हा त्यांनी अपोलोच्या अंतराळवीरांना खडक वाचायला शिकवले. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात विवरांच्या शोधात फिरताना मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांची थोडी रक्षा 'लुनार प्रॉस्पेक्टर' यानात ठेवण्यात आली होती. ३१ जुलै १९९९ रोजी ते यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील एका विवरात मुद्दाम आदळवण्यात आले.