कायद्याचे पहिले वर्ष आणि सुटीतील कमाई

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, माधवगंज आणि आसपासच्या मोहल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. शहरात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे खंडपीठ असल्याने वकिली हा तेथील परिचित व्यवसाय आहे. अशा घरातून कायद्याच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या विद्यार्थ्यापुढे उन्हाळ्यात जो प्रश्न उभा राहतो, तोच पणजी-मडगावच्या विद्यार्थ्यापुढेही असतो : काम शिकत असतानाच घराला आर्थिक हातभार लावता येईल का?

येथे प्रथम इंटर्नशिप आणि कमाई यांतील भेद ध्यानात घ्यावा. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे इंटर्नशिप आवश्यक आहे. मात्र एका वर्षात ती सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही. विद्यावेतन दिलेच पाहिजे, असे बंधन या नियमांत नाही. परिषदेने २०२४ मध्ये सुचवलेले शहरी भागासाठी २०,००० आणि ग्रामीण भागासाठी १५,००० रुपयांचे मासिक विद्यावेतन सनद घेतलेल्या कनिष्ठ वकिलांसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा वयाची अट २१ ते २४ होती आणि पूर्णवेळ विद्यार्थी तिला पात्र नव्हते. म्हणून सुटीचे दोन भाग करणे शहाणपणाचे : चार आठवडे शिकण्यासाठी, उरलेले कमाईसाठी.

शिकण्याचे काम शक्यतो आपल्याच शहरात शोधावे. बिनपगारी इंटर्नशिपसाठी माधवगंजहून दिल्ली गाठणे म्हणजे खोलीचे भाडे आणि जेवणखाण पदरचे घालणे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फाइल लावणे, तारखांची नोंद ठेवणे, दाव्याचा घटनाक्रम लिहून काढणे हे जिल्हा न्यायालयातील वकिलाकडे अधिक चांगले शिकता येते.

कमाई मात्र कायद्याच्या ज्ञानावर नव्हे, तर हाती असलेल्या अन्य कौशल्यावर होते. पहिले कौशल्य भाषेचे. मध्य प्रदेशात खालच्या न्यायालयांचे बहुतेक कागद हिंदीत असतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले की त्यांचे इंग्रजी भाषांतर लागते. अशा भाषांतराचा आणि टंकलेखनाचा मोबदला बहुधा पानांच्या हिशेबाने मिळतो. विद्यार्थ्याने कच्चा मसुदा करावा, वकिलांनी तो तपासावा, ही रीत सुरक्षित. कारण सर्व्हे क्रमांकातील एका अंकाची चूकही अशिलाला महागात पडते.

मराठी घरातील मुलांजवळ आणखी एक दालन आहे. शिंदेशाहीच्या कारभारात मराठी आणि मोडी यांचा वापर होता. गोव्यात जुन्या मालमत्तेच्या वादात पोर्तुगीज दस्त वाचणाऱ्याला जे महत्त्व, तेच अशा कागदांसाठी मोडी जाणणाऱ्याला. महाराष्ट्रात २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचकांची मागणी वाढली. ही लिपी पहिल्या सुटीत शिकून सराव चालू ठेवल्यास पुढील सुट्यांत उपयोगी पडते.

दुसरे कौशल्य शिकवण्याचे. विधी प्रवेशाची ‘क्लॅट’ परीक्षा आता डिसेंबरात होते, त्यामुळे उन्हाळा हा तयारीचा काळ. ती नुकतीच उत्तीर्ण झालेला विद्यार्थी अकरावी-बारावीच्या मुलांना उत्तम शिकवू शकतो. तिसरा मार्ग विधी सेवा प्राधिकरणाचा. तेथे विधी शाखेचे विद्यार्थीही निवड आणि प्रशिक्षणानंतर विधी स्वयंसेवक होऊ शकतात आणि नेमून दिलेल्या कामाच्या दिवसांचे मानधन त्यांना मिळते.

काही पथ्ये मात्र पाळावीत. वकिलाने पूर्णवेळ नोकरी करू नये, हा नियम सनदधारकांसाठी आहे. विद्यार्थ्याने सुटीत काम करण्यास त्याची आडकाठी नाही. परंतु सनदेविना वकिली करणे हा अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४५ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. म्हणून वकीलपत्रावर वकील म्हणून सही करू नये, तसेच पैसे घेऊन कोणाला कायदेशीर सल्ला देऊ नये. इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रासाठी उलट विद्यार्थ्याकडेच शुल्क मागणाऱ्यांपासून दूर राहावे. कामाचा दर, मुदत आणि पैसे मिळण्याचा दिवस आधीच लेखी ठरवून घ्यावा. निदान मोबाइलवरील संदेशात तरी त्याची नोंद असावी.

उन्हाळी सुटीत उच्च न्यायालयाचे नियमित कामकाज थांबते, वकीलही बाहेरगावी जातात. त्यामुळे विचारणा मे महिन्यात नव्हे, एप्रिलच्या आरंभीच करावी. जाताना प्रमाणपत्रांच्या जाड फाइलीपेक्षा स्वतः केलेले दोन पानांचे नीटनेटके भाषांतर सोबत न्यावे. काम देणाऱ्याला विद्यार्थ्याची पात्रता त्यावरून लगेच कळते.