ओढ्याच्या काठरक्षणासाठी जखडलेले ओंडके

ओढ्याचा काठ ढासळू लागला म्हणजे दगडी भिंत बांधावी, हा आपल्याकडील रूढ उपाय होय. भिंत टिकली तरी तिच्या सपाट अंगावरून प्रवाहाचा वेग फारसा कमी होत नाही, आणि झीज पुढील वळणाकडे सरकते. याउलट मुळांसकट काठात रोवलेले मोठे खोड प्रवाहास खडबडीत अडथळा करते. वेग मंदावतो, गाळ साठतो व त्या गाळात वनस्पती मूळ धरतात. अमेरिकेच्या वायव्य भागात नद्यांतील ओंडके दीर्घकाळ उपद्रवी समजून काढले जात; पुढे तेच पुन्हा बसविण्याची पाळी आली. पुण्याच्या ओढ्यांपुरता विचार करता मात्र खरा प्रश्न लाकडाच्या बळकटीचा नसून ते जखडण्याचा आहे.

६ मीटर लांब व अर्धा मीटर व्यासाचा ओंडका घेतल्यास त्याचे घनफळ सुमारे १.१८ घनमीटर भरते. घनता ७०० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली, तर पूर्ण बुडालेल्या स्थितीत त्यास वर उचलणारे निव्वळ बल सुमारे ३५० किलोग्रॅम-भाराइतके होते. पाण्यात बेसाल्टचे परिणामी वजन मूळच्या दोन-तृतीयांशाहून थोडे कमी राहते. तेव्हा केवळ समतोलासाठी सुमारे ५४० किलोग्रॅम दगड व सुरक्षा-गुणक २ धरल्यास त्याच्या दुप्पट दगड हवा. एवढ्यावर समाधान मानणे ही नवशिक्याची चूक होय. हाच ओंडका प्रवाहास आडवा असून वेग सेकंदास ३ मीटर असला, तर त्यावरील रेटा सुमारे १,४०० किलोग्रॅम-भार, म्हणजे उचलीच्या चौपट होतो. शिवाय वेग दुप्पट झाल्यास रेटाही चौपट होतो. म्हणूनच खोडाचा बराचसा भाग काठात गाडून मुळांचा गड्डा तेवढा प्रवाहाकडे तोंड करून ठेवतात.

कात्रजच्या डोंगरातून येऊन मुठेस मिळणाऱ्या आंबील ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आलेल्या पुराने घरे उद्ध्वस्त केली, माणसे दगावली. अशा पुरात सुटलेला एक ओंडका पुलाची मोरी तुंबवून पाणी वस्तीत लोटू शकतो. तारदोराने बांधलेले खोड हेलकावे खात काठच पोखरते. त्यापेक्षा तळाशी उघड्या पडलेल्या बेसाल्टात छिद्र घेऊन पोलादी सळई सिमेंटने बसविणे श्रेयस्कर. पोकळ्यांनी भरलेला किंवा कुजका थर लागल्यास सळई सहज उपटते, म्हणून प्रत्येक सळई ओढून पाहिल्याखेरीज स्वीकारू नये. काळ्या मातीत ठोकलेले खुंट उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडताच सैल होतात, ही आणखी एक अडचण.

सतत पाण्याखाली असलेले लाकूड दीर्घकाळ टिकते. पावसाळ्यानंतर आटणाऱ्या ओढ्यात मात्र बुरशी व वाळवी त्याचा लवकर फडशा पाडतात. तेवढ्या अवधीत वाळुंज, करंज, उंबर यांची मुळे काठ धरतील तरच ही योजना सार्थ होय. त्यासाठी काठामागे चार-पाच मीटर मोकळी जागा लागते. ती ओढ्याच्या वरच्या टप्प्यात क्वचित सापडेल. दांडेकर पुलाच्या आसपास, जेथे घरांच्या भिंती पात्रालाच भिडल्या आहेत, तेथे ओंडके बसविण्याचा विचारच करू नये.