लाईट देण्याआधी मशीन का तपासतात?

नववीतल्या एका मुलीने परवा विचारलं, “सर, माझ्या नानीला कॅन्सरसाठी लाईट द्यायला मुंबईला नेतात. अब्बू बदलापूरहून पहिली लोकल पकडतात. तिथे पोचल्यावर सांगतात, थांबा, मशीन तपासतायत. रोज काय तपासतात?”

प्रश्न रास्त आहे. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथमधल्या कितीतरी घरांचा आहे.

लाईट किंवा शेक देणारं मशीन म्हणजे एक छोटा कणत्वरक. त्यात इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देऊन धातूवर आदळवतात आणि त्यातून एक्स-रे निघतात. खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये 2023 पासून प्रोटॉनचा बीमही वापरतात. तो काही मिलिमीटर रुंदीचा असतो आणि गाठीवर ठिपक्या-ठिपक्याने फिरवला जातो.

आता ही रुंदी मोजायची कशी? भिंतीवर टॉर्च मारून बघा. मध्ये उजेड जास्त, कडेला हळूहळू कमी. नेमकी कड सापडतच नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी एक रीत ठरवली: मधल्या तीव्रतेच्या निम्मी तीव्रता दोन्ही बाजूंना जिथे होते, तिथलं अंतर मोजायचं. आडवं आणि उभं, दोन्ही मोजायचं, कारण बीम लांबट अंड्यासारखाही असू शकतो.

मोजण्याचे मार्ग अनेक आहेत. एक म्हणजे, कण आदळले की चमकणारा पडदा ठेवायचा आणि कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा. दुसरा, बीममधून बारीक तार फिरवायची. जिथे कण जास्त, तिथे तारेत करंट जास्त. तिसरा, हवा भरलेल्या पेटीत बारीक पट्ट्या लावायच्या. यात बीम फारसा अडत नाही, म्हणून उपचार चालू असतानाही नजर ठेवता येते. बीम जागेवरून सरकला तर मशीन थांबतं.

एवढी काटेकोर तपासणी का? प्रोटॉनचा ठिपका ठरल्यापेक्षा रुंद झाला तर शेजारचा चांगला अवयव भाजतो. अरुंद झाला तर दोन ठिपक्यांमध्ये जागा सुटते आणि तिथे गाठीला डोस कमी पडतो. एक्स-रेच्या मशीनलाही किरणांचा आकार असाच जपावा लागतो.

म्हणून सकाळचा तो वेळ वाया जात नाही, तो आपल्याच पेशंटसाठी असतो. मी त्या मुलीला म्हटलं, “नानीला एवढंच सांग, टेबलावर अजिबात हलू नका. मशीनने मिलिमीटरपर्यंत मोजलं आणि आपणच हललो, तर त्या मोजण्याचा काय उपयोग?”