दोन लाख किलोमीटर पळालेली एसयूव्ही घरीच दुरुस्त करताय? पाना कुठं लावायचा आणि कुठं थांबायचं, ते एकदा वाचा

नागपूरचं जरीपटका. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथं येऊन राहिले आणि हळूहळू उत्तर नागपुरातली ही मोठी वस्ती आणि बाजारपेठ झाली. इथल्या गल्ल्यांतून रविवारी सकाळी चक्कर मारली तर एक सीन हमखास दिसतो. घरासमोर जुनी स्कॉर्पिओ नाहीतर सफारी उभी, बोनेट उघडं, आणि आजूबाजूला चार जण. त्यातला एक काम करतो, बाकीचे तिघं सल्ले देतात.

यात हसण्यासारखं काही नाही. नव्या एसयूव्हीच्या किमती पंधरा-वीस लाखांच्या पुढं गेल्यात. दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली जुनी डिझेल गाडी त्याच्या चौथाईतसुद्धा मिळते. त्यात दिल्लीत 10 वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश आला, 2018 साली सुप्रीम कोर्टानेही तो उचलून धरला आणि तिकडच्या गाड्या स्वस्तात देशभर जायला लागल्या.

गाडी स्वस्त मिळते, पण तिचा मेंटेनन्स मात्र नव्या गाडीच्या हिशोबानेच लागतो. म्हणून अनेक जण घरीच पाना हातात घेतात. यातली बरीच कामं खरंच घरी होतात. काही कामं मात्र अशी आहेत की पैसे वाचवायच्या नादात इंजिन जातं, आणि एखाद्या वेळी जीवही.

सुरुवात मीटर बघून करू नका

जुन्या गाडीचं मीटर मागं फिरवणं ही नवी गोष्ट नाही. त्यामुळे 90 हजारांचा आकडा बघून खूश व्हायचं कारण नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टेअरिंगची घासलेली कातडी, ड्रायव्हर सीटची बसलेली कड बघा. या गोष्टी सहसा खोटं बोलत नाहीत. सर्व्हिसच्या जुन्या पावत्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

त्यानंतर धूर बघायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. एअर फिल्टर चोंदला, टर्बोचा पाइप फाटला, तरी काळा धूर येतो. म्हणजे खर्च कधी कधी किरकोळ असतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, हे गंभीर आहे. थंड इंजिन चालू करताना थोडा पांढरा धूर चालतो. पण गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि कुलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यायची.

मिस्त्री लोक आणखी एक गोष्ट करतात. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढतात. तिथून जोराने हवा आणि धूर यायला लागला तर म्हणतात, "इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय." याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. हे काम घरी होत नाही. अशी गाडी अजून घेतली नसेल तर सरळ नमस्कार करून निघायचं.

नागपुरात पहिलं काम कूलिंगचं

बहुतेक लोक गाडी घेतली की आधी सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिम बघतात. नागपुरात आधी रेडिएटर बघावा लागतो. 23 मे 2013 ला इथं 47.9 अंश तापमान नोंदवलं गेलं. अशा उन्हात एसी लावून सिग्नलला उभी असलेली जुनी डिझेल गाडी म्हणजे इंजिनची परीक्षाच.

यात होतं काय, तर गाडी तापली की इंजिनचं हेड किंचित वाकतं. हेड वाकलं की गॅस्केट फुटतं, कुलंट ऑइलमध्ये मिसळतं आणि डिपस्टिकवर चहासारखं दुधाळ ऑइल दिसतं. काही शे रुपयांच्या कुलंटचा कंटाळा केला की काम थेट हजारोंच्या घरात जातं.

कुलंट बदलणं घरी जमतं. इंजिन पूर्ण थंड असताना जुनं कुलंट काढायचं आणि नवीन भरताना डिस्टिल्ड वॉटर वापरायचं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि दोन उन्हाळ्यांत रेडिएटर चोंदतो. सोबत रबरी पाइप दाबून बघा. ते फुगलेले, मऊ पडलेले किंवा तडकलेले असतील तर बदला. रेडिएटरचं झाकणसुद्धा तपासा. हे झाकण आत प्रेशर धरून ठेवतं, त्यामुळेच कुलंट शंभर अंशाला उकळत नाही.

आणि म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण कधीच उघडायचं नाही. प्रेशर सुटलं की उकळतं पाणी कारंज्यासारखं थेट तोंडावर येतं. गाडी बंद करून किमान अर्धा-पाऊण तास थांबा. पाइप हाताला थंड लागला की मगच झाकणाला हात लावा.

घरी होणारी कामं

इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, बॅटरी, वायपर, बल्ब, फॅन बेल्ट आणि डिझेल फिल्टर. एक चांगला गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने आणि गाडीचं मॅन्युअल असेल तर ही कामं घरी होतात. ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर टाकायचं, हे मात्र मॅन्युअलमध्येच बघायचं. शेजारी काय सांगतो त्यावर जायचं नाही.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं. बहुतेक गाड्यांत ते काढायला खाली स्क्रू असतो. नवीन फिल्टर लावल्यावर हातपंपाने आतली हवा काढून टाकायची, नाहीतर गाडी चालू होता होत नाही. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी काढायचा आणि लावताना शेवटी लावायचा.

2013 नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला की इंजिनचा एरर कोड मोबाईलवर दिसतो. पण कोड आला म्हणून लगेच तो सेन्सर बदलायचा नसतो. बऱ्याचदा वायर तुटलेली असते किंवा उंदराने कुरतडलेली असते.

ब्रेक पॅड बदलणंही जमतं, पण इथं एक चूक जिवावर बेतते. नवीन पॅड बसवताना कॅलिपरचा पिस्टन मागं ढकलावा लागतो. त्यामुळे पहिल्यांदा पेडल दाबलं की ते थेट खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. म्हणून गाडी जागेवरून हलवायच्या आधी पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करून घ्यायचं. पहिली चक्करही रिकाम्या रस्त्यावर आणि हळू मारायची.

गाडीखाली जाण्याआधी

अशी गाडी साधारण दोन टनांच्या आसपास असते. सोबत मिळणारा जॅक हा फक्त स्टेपनी बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचं नाही. विटा, दगड, सिमेंटचे ब्लॉक हेही चालत नाहीत, कारण ते कधी फुटतील याचा नेम नसतो. लोखंडी जॅक स्टँडच लागतात, म्हणजे गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात ते.

जमीन सपाट आणि पक्की पाहिजे. उन्हात मऊ झालेल्या डांबरावर जॅक रुततो. जुन्या बऱ्याच एसयूव्ही मागच्या चाकांवर चालतात आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना असतो. मागचा एक्सल उचलला की गिअर आणि हँडब्रेक हे दोन्ही आधार संपतात आणि गाडी पुढच्या चाकांवर सरकू शकते. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे. आणि घरातल्या कुणाला तरी सांगूनच खाली जायचं.

इथं पाना खाली ठेवायचा

टायमिंग बेल्टला हात लावू नका. डस्टरचं दीड लिटर डिझेल इंजिन किंवा जुन्या फॉर्च्युनरचं तीन लिटर इंजिन बेल्टवर चालतं. बेल्ट एक दात चुकीचा बसला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. पण जुनी गाडी घेताना बेल्ट शेवटचा कधी बदलला, हे विचाराच. पुरावा नसेल तर बदललाच नाही असं समजून चांगल्या गॅरेजमधून बदलून घ्या.

कॉमनरेल डिझेलचे पाइप इंजिन चालू असताना सैल करायचे नाहीत. त्यातलं प्रेशर हजार बारच्याही वर जातं आणि डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. एअरबॅग, सस्पेंशनच्या स्प्रिंगा आणि एसीचा गॅस हीसुद्धा गॅरेजचीच कामं.

काढलेलं जुनं ऑइल नालीत ओतू नका. नाली शेवटी नदीलाच मिळते. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, ते विकत नेणारे लोक असतात.

शेवटचा मुद्दा कागदांचा. खासगी गाडीची आरसी 15 वर्षं चालते, पुढं दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि ग्रीन टॅक्सही भरावा लागतो. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर एनओसी हवीच, आणि 12 महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर नंबरही इथलाच घ्यावा लागतो. इंजिन टकाटक करून ठेवलं आणि कागद अडकले, तर ती गाडी घरासमोरच उभी राहते.

थोडक्यात काय, तर फिल्टर, ऑइल, कुलंट आणि पॅड घरी करा, त्यातून वाचलेले पैसे टायमिंग बेल्ट, टायर आणि दोन चांगल्या घोड्यांवर घाला. दोन लाख पळालेली गाडी आणखी लाखभर सहज पळू शकते, फक्त मे महिना यायच्या आधी एकदा बोनेट उघडा.