मुंगी घाट : कावडीने चढलेली घळ

चैत्र शुद्ध द्वादशीला ऊन कललं, की पायथ्याच्या कोथळे गावाच्या बाजूने डोंगराकडे पाहणाऱ्याला आधी माणसं दिसतच नाहीत. दिसते ती एक हलणारी रेघ. कातळात उभी गेलेली घळ आणि तिच्यात तळापासून माथ्यापर्यंत सरकत असलेले ठिपके. या वाटेला मुंगी घाट का म्हणतात, ते मग कुणी सांगावं लागत नाही. रांगेच्या मधोमध एक कावड असते. जाडजूड बांबू, त्याला दोन्ही अंगांनी तांब्याचे रांजण, वर झेंडे. रांजणात पाणी, आणि तेही सासवडच्या कऱ्हा नदीचं. ते शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाला घालायचं असतं.

घाटाचा पायथा सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात, माथा सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात. म्हसवड याच माण तालुक्यातलं मोठं गाव. माणगंगेच्या काठचं, सिद्धनाथाचं, 1857 पासून नगरपालिका असलेलं. बाहेरच्यांच्या डोक्यात मात्र माणदेश म्हणजे माळरान, मेंढरं, बाजरी आणि टँकर. डोंगरदऱ्यांत भटकायचं तर सह्याद्रीच्या धारेवर जायचं, असं म्हसवडची पोरंसुद्धा मानतात. पाठीवर सॅक टाकून ती रात्रभर गाडी हाकत सांदण दरीला जातात. घरच्या तालुक्यातली घळ त्यांच्या लेखी देवाची वाट, ट्रेकची नव्हे.

हा समज थोडा तपासून पाहायला हवा.

सातारा जिल्हा पावसाच्या बाबतीत चमत्कारिक आहे. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. पण डोंगर दोन्हीकडचा एकाच गोत्राचा. महाबळेश्वरच्या पठाराकडून फुटलेली शंभू महादेवाची रांग आग्नेयेला माणदेशात येते आणि नीरा-भीमेचं पाणी एकीकडे, कृष्णेचं दुसरीकडे अशी वाटणी करते. दहिवडीच्या वायव्येला कुळकजाईजवळच्या सीताबाईच्या डोंगरात माणगंगा उगम पावते. ती म्हसवडवरून पुढे जाऊन पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. त्याच डोंगरातून निघालेली बाणगंगा मात्र उत्तरेला फलटणकडे उतरते. वारूगड, संतोषगड हे किल्ले याच रांगेवरचे. शिंगणापूरचा माथा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास भरतो.

दगड काळाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याची ही चळत. एखादा थर घट्ट, घणाला दाद न देणारा. त्याच्या खालचा भोकाभोकांचा, हाताने कुसकरावा असा. मधे कुठे तांबड्या मातीची पट्टी. पाणी घट्ट थराला फारसं काही करू शकत नाही. ते भेग शोधतं. भेगेतून आत शिरून खालचा मऊ थर पोखरतं, वरचा कातळ आधार सुटून कोसळतो, आणि हजारो पावसाळ्यांनी तिथे घळ पडते. कोकणकड्याच्या बाजूला पाऊस दांडगा, म्हणून तिथल्या घळी खोल आणि अरुंद. माणात पाऊस कंजूष, म्हणून इथे घळ उघडीवाघडी, कडा कमी, घसारा जास्त. पाय ठेवला की मुरूम सुटतो आणि मागून येणाऱ्याच्या डोक्यावर जातो. अनुभवी गडी अशा जागी सरळ रेषेत चढत नाहीत, थोडे तिरपे राहतात.

या प्रकारच्या वाटांसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. घळ, नाळ, बारी, खिंड, निसणी, दरा, ओहळ. प्रत्येकाची चण वेगळी. समर्थांच्या नावाने ओळखली जाणारी शिवथर घळ महाडकडची. हरिश्चंद्रगडाला बेलपाड्याहून चढणारी ती नळीची वाट, नावातच नळी. आणि सांदण म्हणजे दोन भिंतींमधली चिंचोळी जागा. अकोले तालुक्यातल्या साम्रदला उतरलं की सांदणीचं तोंड लागतं. दोन्ही बाजूंना दीड-दोनशे फुटांच्या भिंती, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर बोटं कातळाला टेकतील एवढी रुंदी, तळाशी गाडग्या-रांजणांएवढे गोटे आणि कमरेपर्यंतच्या पाण्याचे डोह. दुपारची घटकाभर सोडली तर ऊन तळाशी पोचत नाही.

देखणी आहे, यात वादच नाही. पण सांदण ही पावसाळ्यात जायची जागा नव्हे, आणि हे अजूनही सांगावं लागतं. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये 12 ऑगस्ट 1997 रोजी 11 पर्यटक वाहून गेले. घळीवर पावसाचा थेंबही नव्हता म्हणावा इतकं आभाळ मोकळं. पाऊस पडला होता कैक किलोमीटर वर. अरुंद घळीची गोम हीच. इथलं आभाळ पाहून उपयोग नाही, उगमाकडचं पाहावं लागतं. ग्रीसमधल्या क्रीट बेटावर सामारियाची सोळा किलोमीटरची दरी आहे. डोंगरावर शिरून समुद्राला बाहेर पडणारी ही एका दिवसाची चाल. तिथे पावसाळी हिवाळ्यात दार सरळ बंद असतं, कुणाची ओळख चालत नाही. आपल्याकडे फलक लागतो आणि फलकापाशी उभं राहून फोटो काढून लोक पुढे जातात.

मुंगी घाटात पुराची भीती तशी कमी. इथली अडचण उलटी आहे. पाणीच नाही.

आता परत कावडीकडे. गुढीपाडव्यापासून शिंगणापूरची यात्रा भरायला लागते, अष्टमीला शिव-पार्वतीचं लग्न लागतं आणि द्वादशीला कावडींचा दिवस. पुरंदर, बारामती, इंदापूर, मराठवाडा अशा चहूबाजूंनी कावडी येतात. मान सासवडकडच्या पंचक्रोशीतल्या संत भुतोजी महाराज तेली यांच्या कावडीचा. ही कावड पायी मजल-दरमजल करत कोथळ्याच्या पायथ्याला येते आणि मग ज्याच्यासाठी एवढे लोक उन्हात ताटकळलेले असतात तो प्रकार सुरू होतो. या घाटात कावड चढवायला ना दोरखंड, ना खुंट्या, ना यंत्र. माणसांची साखळी. वरच्याने खालच्याचा मनगटापासून हात धरायचा, त्याने त्याच्या खालच्याचा. कावडीला मागून खांदे, पुढून ओढ. चढ असा की पुढच्याच्या टाचा मागच्याच्या तोंडासमोर येतात. पुष्कळांच्या पायांत काही नसतं, आणि चैत्रातला कातळ तव्यासारखा तापलेला असतो. दमणूक वाढली की देवाला साद घातली जाते, तीही अदबीने नव्हे. ‘म्हाद्या’ अशी, घरच्या माणसाला मारावी तशी हाक. शंभू महादेवाला अरे-तुरे करायचा हक्क या कावडीने कमावला आहे, असं भाविक मानतात.

गिर्यारोहणाच्या भाषेत बोलायचं तर हा घसाऱ्याचा आणि कातळटप्प्यांचा मिश्र चढ, अंगावर ऊन, सावलीला झाड नाही, आणि खांद्यावर असा बोजा जो सांडता कामा नये. दोरावाचून. एखाद्या क्लबाने ही चढाई आखली असती तर तिच्यावर दहा पानी माहितीपत्रक निघालं असतं.

घळ पाण्यानेच पडली, आणि तिच्यातून पाणी वर न्यायचं, तेही दुष्काळी मुलखातल्या देवाला परमुलखातून आणून. या उफराट्या प्रवासात माणदेशाचं सगळं दुखणं आहे. शिखरावरची पाण्याची ओढाताण जुनी. यात्रेकरूंचे हाल पाहून मालोजीराजे भोसल्यांनी इथे तलाव बांधला, तो आजही पुष्करतीर्थ म्हणून ओळखला जातो. शंभू महादेव हे भोसले घराण्याचं श्रद्धास्थान. पण राजाने देवळाला कळस चढवण्याआधी तळं खोदलं, हे माणदेशी माणसाला जास्त पटतं.

डोंगर चढून-उतरून इथले पाय कसे होतात, याचा दाखला शोधायला लांब जायला नको. याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी भारतीय बाई ऑलिंपिकच्या ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचली होती. स्टीपलचेसमध्ये प्रत्येक फेरीला पाण्याच्या खड्ड्यावरून उडी असते. माणच्या पोरीने नाव काढलं तेही पाण्यावरून उड्या मारून.

यात्रेचा दिवस टाळून मुंगी घाट चढायचा असेल तर तो सकाळचाच. कोथळ्यातून उजाडायला निघावं, गावात सांगून निघावं, कारण तिथली माणसं वाटेच्या फाट्यांवर फसवणाऱ्या खुणा ओळखतात. माणशी तीन लिटर पाणी. मधे कुठे मिळेल या आशेवर राहू नये. बूट जुने, पकड असलेले. मोहोळ दिसलं तर अत्तर, विडी, आरडाओरडा काही नको. पावसाच्या दिवसांत घसारा निसरडा होतो, तेव्हा ही वाट सोडून द्यावी. माथ्यावर पोचलं की देऊळ, तळं आणि डोंगराच्या घळीतलं गुप्तलिंग पाहून एसटीने खाली उतरता येतं. आलेल्या वाटेनेच उतरायचा हट्ट नवख्याने धरू नये. या घाटात चढण्यापेक्षा उतरणं अवघड.

आणि मुहूर्तच हवा असेल तर तोही आहे. दिवाळीच्या पाडव्याला म्हसवडच्या सिद्धनाथाच्या लग्नसोहळ्याला सुरुवात होते आणि बरोबर महिन्याने, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, देवाचा रथ गावातून निघतो. हवा तेव्हा कोरडी आणि गार असते. रथावर गुलाल-खोबरं उधळून रात्री म्हसवडला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोथळ्याची गाडी धरावी.