अरबांच्या सीमा आणि कॅम्पातली पलटण

बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे ब्रिटिशांनी वसवलेल्या छावणीत, १९२२ मध्ये मराठा पलटणींचे जे प्रशिक्षण केंद्र आले, ते ११४ व्या मराठा पलटणीतून उभे राहिले होते आणि ही पलटण चारच वर्षांपूर्वी मोसुलच्या दक्षिणेस शर्कात येथे तुर्कांशी लढली होती. अरब राष्ट्रांच्या सीमातंट्यांत परक्या फौजांचा हात शोधू लागले की लंडन आणि कैरोची नावे आधी निघतात. ज्या लढायांनी त्या सीमांना जागा करून दिली त्यांतला शिपाई पुष्कळदा दख्खनचा होता, हे मात्र नजरेआड राहते. पहिल्या महायुद्धात इराकमधील कूत-अल-अमारा येथे १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी जवळपास पाच महिने वेढ्यात होत्या. धान्य आटल्यावर घोडे कापले गेले, तेव्हा अनेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले आणि अर्धपोटी राहणे पत्करले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांची फौज शरण गेली.

युद्ध संपले आणि इराकबरोबर रेघा ओढण्याचा अधिकारही ब्रिटिशांकडे आला. १९२२ च्या अखेरीस उकैर येथे सर पर्सी कॉक्स यांनी इराक, कुवेत आणि नज्द (आजच्या सौदी अरेबियाचा गाभा) यांच्या सीमा ठरवल्या, त्यांत कुवेतचा बराच मुलूख गेला, आणि टोळ्यांना गुरे चारता यावीत म्हणून मध्ये ‘तटस्थ क्षेत्रे’, म्हणजे सामाईक पट्टे, राखले गेले. तरीही नज्दचे इख्वान, म्हणजे धर्मनिष्ठ टोळीवाले लढवय्ये, इराकवर छापे घालत राहिले आणि त्यांच्यावर ब्रिटिश विमानांनी बाँब टाकले. रेघ ओढणाऱ्याला ती राखायलाही यावे लागते, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

पुढेही हेच घडले. सौदी अरेबिया ज्यावर हक्क सांगत होता त्या बुरैमीच्या मरूद्यानातून १९५५ मध्ये सौदी तुकडी हुसकावली गेली ती ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील स्थानिक दलाकडून. १९६१ मध्ये इराकने कुवेतवर हक्क सांगताच ब्रिटिश सैन्य तिथे उतरले, पण काही महिन्यांतच त्याची जागा अरब लीगच्या फौजेने घेतली.

स्वतंत्र भारताचा वाटा निराळा होता. येमेनच्या यादवीत इजिप्तची फौज प्रजासत्ताकाच्या आणि सौदी पैसा व शस्त्रे पदच्युत राजाच्या, म्हणजे इमामाच्या, बाजूने असताना, १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षण मोहिमेची सूत्रे काही काळ लेफ्टनंट जनरल प्रेमसिंग ग्यानी यांच्याकडे होती. निरीक्षकांनी पाहून कळवायचे, रोखायचे नाही, एवढाच त्यांचा अधिकार होता. मोहीम सप्टेंबर १९६४ मध्ये गुंडाळली गेली. इजिप्तची फौज येमेनमधून परतली ती १९६७ मध्ये.