घड्याळ कोणता बैल निवडतं?

विदर्भातल्या पटशौकिनांसमोर नुसतं 'तळेगाव' म्हटलं, तर ते दशासरचं तळेगाव धरून चालतात. धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या त्या गावचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, नावाजलेला. तिथे बायकाही धुरकरी होऊन जोडी हाकतात. वर्धा जिल्ह्यातलं तळेगाव (श्यामजी पंत) त्या मानाने नागपूर-अमरावती महामार्गावरचं ये-जा करणाऱ्यांचं गाव. तरी पटाच्या नियमांचा विचार याच तळेगावापासून सुरू करावा असं मला वाटतं, कारण आष्टी, आर्वी आणि कारंजा हा गवळाऊ बैलाचा मूळ मुलूख. पांढरा-करडा रंग, लांब निमुळतं तोंड, बदामाच्या आकाराचे डोळे, अंगाने हलका. मराठ्यांच्या फौजेचं सामान डोंगराळ भागातून झपाट्याने न्यायला ही जात जोपासली गेली, असं मानतात. तिच्यासाठी कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्रही उभं राहिलं. या बैलाची ख्याती एका दमात सुसाट सुटण्याची नाही, लांब पल्ला एका लयीत दुडक्या चालीने कापण्याची आहे. आजचा पट हा गुण मोजतच नाही. शर्यतीची पद्धत नुसता निकाल लावत नाही, कोणता बैल दावणीला राहणार हेही तीच ठरवते.

पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, जोडीला जोडी भिडते: शेजारी-शेजारी आखलेल्या दोन दानींवर (धावपट्ट्यांवर) दोन जोड्या एकदम सुटतात आणि पुढची जोडी जिंकते. अमरावती-वर्ध्याकडच्या पटांत मात्र एका वेळी एकच जोडी पळते आणि तिचं भांडण घड्याळाशी असतं. सुटण्याच्या रेषेजवळचे ते काही क्षण पाहण्यासारखे असतात. छकडा हलका, जवळजवळ सांगाडाच. दोन-तीन माणसं बैलांना तोंडाशी धरून उभी, धुरकऱ्याच्या हातात कासरा, बैलांचे कान मागे. माणसं बाजूला झाली की पहिल्या चार उड्यांतच निम्मा निकाल लागलेला असतो, कारण सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत हिशेब होतो तिथे जो बैल जागेवरून उसळतो तोच खरा. शेजारी दुसरी जोडी असली तर मागे पडलेला बैल ईर्ष्येने पुढे येऊ शकतो. एकट्या जोडीला ही ईर्ष्या कुठून मिळणार? पुणे जिल्ह्यातल्या घाटात आणखी निराळा प्रकार. तिथे चढावर पुढे जुकाटाची आणि मागे धुरेची असे चार बैल, गाड्यात माणूस नाही, समोर घोडीस्वार. आणि ठरलेल्या सेकंदात बसलेले सगळे गाडे एकाच क्रमांकात मोडतात, बक्षीस वाटून घेतात. सातारा-सांगलीकडे गट, सेमी, फायनल अशा फेऱ्या आणि दातांवरून आदत, दुसा, चौसा अशी वर्गवारी. तिथे सकाळी जिंकलेल्या बैलाला दुपारी पुन्हा पळायचं असतं, म्हणून त्याचा दमही तपासला जातो.

नियम बदलला की पळणारा बदलतो, हे युरोपातल्या स्पीडवेने फार उघडपणे दाखवलं आहे. ब्रेक नसलेल्या मोटारसायकली, चार स्वार, चार फेऱ्या. 1960 मध्ये सुरू झालेल्या सांघिक जागतिक स्पर्धेत पहिल्याला 3, मग 2, 1 आणि शेवटच्याला शून्य असे गुण मिळत. पुढे 2018 पासून 'स्पीडवे ऑफ नेशन्स' ही जोड्यांची स्पर्धा आली आणि तिथे गुण 4, 3, 2, 0 असेही दिले गेले. या हिशेबात एका देशाचे दोघे दुसरे-तिसरे आले तर 5 गुण, आणि एक पहिला, एक शेवटचा आला तर 4. 3, 2, 1, 0 च्या हिशेबाने दोन्ही बाजूंना तीन-तीनच पडले असते. एवढ्या फरकाने सुसाट पुढे निघून जाण्यापेक्षा सोबत्याला सांभाळून घेणं मोलाचं ठरलं. आपल्याकडे तर जोडी पहिल्यापासूनच जोडी आहे. डावा-उजवा एका लयीत नसेल तर छकडा तिरका जातो.

घड्याळाच्या पटाबद्दलच्या माझ्या या तक्रारीवर दोन आक्षेप येतात. पहिला असा की घड्याळ पक्षपात करत नाही आणि छोटी धाव बैलाला सोसते. दोन्ही खरं आहे, आणि धावेला आता कायद्याचीही मर्यादा आहे. 7 मे 2014 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. 2017 मध्ये राज्याने शर्यतींना वाट देण्यासाठी कायदा दुरुस्त केला. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. अंतराला 1000 मीटरची मर्यादा आली, चाबूक-पराणीला बंदी झाली. कोसभर पळवण्याचे दिवस परत आणा असं कुणी म्हणूही नये. पण घड्याळ काय मोजतं हे शेवटी माणूसच ठरवतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गवळाऊ घटला तो ट्रॅक्टरमुळे, पटाचा त्यात काय संबंध? मलाही मुख्य कारण ट्रॅक्टरच वाटतं. मात्र नांगराला बैल लागेनासा झाला, म्हणूनच त्याला चांगली किंमत देणारी जी थोडी ठिकाणं उरली त्यांत पट येतो. शेतकरी हौशी असला तरी हिशेबीही असतो. पटात जो जिंकतो त्याचंच वासरू तो मागतो.

तेव्हा पट हवा की नको हा वाद सोडून, वर्ध्याच्या आयोजकांनी नियमाची एक अट बदलून पाहावी. त्याच जोडीच्या, पुरेशी विश्रांती देऊन घेतलेल्या दोन धावांच्या वेळांची बेरीज करावी, आणि दोन वेळांत सर्वांत कमी तफावत ठेवणाऱ्या जोडीला वेगळं बक्षीस द्यावं. मुद्दाम रेंगाळणाऱ्या जोड्यांना यात वाव राहील, म्हणून घाटासारखी सेकंदांची हद्द घालावी. तिच्या आत आलेल्यांचीच तफावत मोजावी. शिवाय गवळाऊचा स्वतंत्र गट करायचा तर जात कोण ठरवणार, यावरून भांडणं होतील हे उघड आहे. पण पळण्याआधी जोडीची तपासणी करायला पशुवैद्यक तिथे असतोच. तपासणीच्या दाखल्यावर जातीची एक ओळ वाढवणं त्याला जड नाही.